कर्दळीखालचं उष्टं

डिमांड मॅनेजमेंट म्हणजे काय हे मी इंजिनिअरिंग कॉलेजात कित्येक वर्षं शिकवत आले, पण त्याचा खरा अर्थ मला आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी शेखरभाऊ यांनी शिकवला. पुस्तकात लिहिलंय की सगळ्यांनी थोडी थोडी वीज कमी वापरायची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर ताण येत नाही. शेखरभाऊंचा अर्थ सोपा होता. ज्याला तोंड नाही त्याची वीज आधी बंद करायची.

रायपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना संध्याकाळ म्हणजे काय ते सांगायला नको. लोक कामावरून येतात, खोलीखोलीत एसी सुरू होतो, लिफ्ट वरखाली करतात, पाण्याचा पंप घरघरतो आणि मग ट्रान्सफॉर्मर मान टाकतो. कॉलनी बोंब मारते. शेखरभाऊंचं एसीचं दुकान आहे. शहरातल्या तात्यापारा वस्तीतलं जुनं मराठी घराणं, भोसल्यांच्या काळापासून इथलं, अर्ध्या कॉलनीला एसी त्यांनीच विकलेले. एसी जरा कमी चालवा, हे सांगायची हिंमत ते कुठून आणणार?

म्हणून त्यांनी कॉलनीच्या मागच्या कोपऱ्यातल्या सांडपाण्याच्या प्लँटला टायमर लावला. या प्लँटमध्ये एक मोठा ब्लोअर होता. तो घाण पाण्यात हवा सोडतो, त्या हवेवर जिवाणू जगतात आणि तेच जिवाणू घाण खातात. हवा बंद, जिवाणू खलास. शेखरभाऊंचा टायमर दिवेलागणीला ब्लोअर बंद करायचा आणि सगळी कॉलनी गारेगार झोपली की सुरू करायचा. अख्ख्या कॉलनीचं संडास-मोरीचं पाणी तेवढा वेळ जसंच्या तसं भिंतीपलीकडच्या तळ्यात जायचं. तळं कॉलनीचं नाही. पलीकडे जो पारा आहे, जुनी वस्ती, तिथल्या लोकांचं. ते त्यात आंघोळ करायचे, कपडे धुवायचे.

मी भांडले. नाव क्षमा, पण आवाज मुळात मोठा, त्यात राग आला की तो तिसऱ्या मजल्यावर जातो. शेखरभाऊ हसून म्हणाले, "क्षमा मॅडम, इतकं काहून तापता? पाणी उताराकडेच जाते ना. आपल्याकडे तर वास नाही येऊन राहिला."

वास आपल्याकडे येत नाही, हा मुद्दा मी आयुष्यात विसरणार नाही.

मग मी वेगळी वाट धरली. आमच्या भागात राईस मिलच्या मागे धानाच्या तुसाचे डोंगर पडलेले असतात. ते तूस हवा कोंडून जाळलं की त्याचा हलका, सच्छिद्र कोळसा होतो आणि तो पाण्यातली घाण धरून ठेवतो. कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन मी प्लँटच्या शेजारी एक लांब वाफा केला. खाली गिट्टी, मध्ये मुरूम, वर तुसाचा कोळसा, त्यात भोकांचा पाइप आणि सगळ्यावर लाल-पिवळी कर्दळ. एक छोटा पंप गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर दुपारी चालायचा आणि प्लँटच्या हौदात साचलेलं घाण पाणी उंच टाकीत चढवून ठेवायचा. संध्याकाळी, ट्रान्सफॉर्मरच्या छातीवर कॉलनी बसलेली असताना, ते पाणी आपलं आपण हळूहळू वाफ्यात उतरायचं. विजेचा एक कणही त्या वेळेला लागत नव्हता. भांडून भांडून कमिटीकडून एका वर्षाची परवानगी मिळवली होती; तेवढं वर्ष ब्लोअर बंदच.

आणि पाणी स्वच्छ झालं. पलीकडच्या पाऱ्यातल्या बायकांच्या बचत गटानं तळ्यात मासळीचं बी सोडलं. त्यांची म्होरकी शारदा, माझ्याच वयाची, तोंडाची माझ्याहून तिखट. ती एकदा भिंतीवरून डोकावून म्हणाली होती, "दीदी, अब नहाथन त खजरी नइ होवय." आता आंघोळ केली तर खाज सुटत नाही. मला कॉलेजात कितीतरी प्रशस्तिपत्रं मिळालीत, पण यासारखं एक नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, उठल्या. दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासायला नागपूरला गेले.

आठवड्यानं परत आले तेव्हा रिक्षा कॉलनीत शिरायच्या आधीच वास आला. गेटवर शारदा उभी होती. तिच्या पायाशी घमेलं होतं आणि घमेल्यात पांढरी पोटं वर केलेली मासळी. वॉचमन तिला आत सोडत नव्हता आणि ती हलत नव्हती. मला पाहून तिनं घमेलं पायानं माझ्याकडे सरकवलं, बस.

मी तशीच बॅग घेऊन मागे धावले. वाफ्यावर काळं पाणी साचलं होतं, कर्दळीचे बुंधे त्यात सडत होते, आणि एका कडेनं ते पाणी वाफ्याला वळसा घालून सरळ तळ्यात चाललं होतं. वाफ्याचा राखणदार लहानू बाजूला उभा. गोंदियाकडचा, साधा माणूस. दुपारी पंप सुरू करायचा आणि कुंपणाची किल्ली सांभाळायची, एवढंच त्याचं काम.

"पंप चालवला होतास ना रे?"

"हव दीदी. रोज चालवला."

"मग हे काय आहे? मला फोन का नाही केला?"

"मले वाटलं पावसाचं पाणी असन."

तेवढ्यात शेखरभाऊ आलेच. नाकावर रुमाल होता. आता वास आपल्याकडे येत होता ना. "मॅडम, झालं तुमचं तूस-भूस? या पोट्ट्यानं पंप चालवलाच नसन, झोपला असन. ते जाऊ द्या. रविवारी मीटिंग आहे. हा वाफा उखडू, ब्लोअर सुरू करू आणि लहानूले सुट्टी देऊ."

"आणि टायमर?"

"टायमर तर लागनच. लोड कुठून आणू?"

ते गेले. लहानूची मान खाली. त्याचं काम जात होतं आणि हा माणूस स्वतःसाठी एक शब्द बोलत नव्हता, याचा मला शेखरभाऊंपेक्षा जास्त राग आला. मी त्याला झापलं. कोण आलं होतं इथे? काय झालं होतं? तो म्हणाला, "दीदी, मी जबान दिली आहे." कुणाला, ते सांगेना.

मग मी पदर खोचला आणि फावडं घेतलं. पाणी जिथे वाफ्यात शिरतं, त्या तोंडाशी खणायला लागले. कोळशाचा थर बाजूला सारला आणि फावडं मऊ, चिवट कशात तरी अडकलं. ओढून पाहिलं तर केळीचं पान. त्याच्या खाली आणखी एक. पानं आडवी, एकावर एक, नीट रचलेली, गादी घातल्यासारखी. पाणी खाली जाणार तरी कुठून? पानांच्या मध्ये फेसाळलेली आंबील, कटाच्या आमटीचा गाळ, पुरणाचे गोळे, पडवळाचे तुकडे आणि कुजलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

रायपुरात पडवळ आणि आंबील एका खड्ड्यात सापडली, तर चोर शोधायला पोलीस लागत नाहीत.

आमच्या घरी महालक्ष्मीच्या जेवणाचं उष्टं बाहेर टाकत नाहीत. घराच्या मातीत खड्डा करायचा आणि पत्रावळीसकट सगळं पुरायचं, दिवे लागायच्या आत, परक्याच्या नजरेला न पडू देता. बुढापाऱ्यात आमच्या भाड्याच्या घराला परस होतं, तिथे हे चालायचं. कॉलनीत आल्यावर आई ते डब्यात घालून पुरानी बस्तीतल्या मावशीकडे न्यायची. यंदा मावशीनं घर विकलं. आता मावशीही फ्लॅटमध्ये. एवढं सगळं मला माहीत होतं, आणि उष्टं यंदा कुठे गेलं हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

मी चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात गेले. आई गवार मोडत होती. माझी आई प्रेमला, सत्तरी उलटली तरी कॉलनीतल्या सगळ्या मराठी बायकांचा हळदीकुंकवापासून भुलाबाईच्या गाण्यांपर्यंतचा कारभार तिच्याच हातात.

"महालक्ष्मीचं उष्टं माझ्या वाफ्यात पुरलं?"

तिनं गवार मोडणं थांबवलं नाही. "मंग कुठं पुरू? तुया कॉलनीत माती आहे कुठं? जिकडं पाहा तिकडं फरशी. बगीच्यात माळी काठी घेऊन उभा. तिथं माती भुसभुशीत होती, कुंपण होतं, कुत्रं जात नाही, वरतून कर्दळ फुललेली. म्हटलं देवीले याच्यापेक्षा चांगली जागा नाही."

"ती माती नाहीये आई. ते मशीन आहे."

"मशीन असं दिसते का व?"

मी आणखी ओरडले. मासे मेले म्हणून सांगितलं. पलीकडच्या बायकांची वर्षभराची मेहनत गेली म्हणून सांगितलं. लहानूचं काम जाणार, वाफा जाणार आणि शेखरभाऊंचा टायमर परत येणार, हेही सांगितलं. आईचे हात थांबले.

"लहानूवर आलं?"

"त्यानं तुला किल्ली दिली आणि तोंडाला कुलूप घातलं."

"मीच म्हटलं होतं त्याले, देवीचं काम आहे, कोणाले सांगू नोको." मग ती हळू म्हणाली, "क्षमा, मीटिंगमध्ये बोलू नोको बाप्पा. एकट्या मायाच घरचं नाही तिथं. आठ-दहा घरच्या बायका होत्या. चारचौघांत उष्टं काढते का कोणी? हसतीन लोकं."

"मग मी काय सांगू? लहानू झोपला होता म्हणून सांगू?"

"तुले जे सांगायचं ते सांग," ती म्हणाली आणि गवारीचं ताट घेऊन उठून गेली. रविवारपर्यंत आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

रविवारी क्लब हाऊसमध्ये सगळी कॉलनी जमली. एसी जोरात चालू होता. शारदाही आली होती. तिला खुर्ची कुणी दिली नाही, म्हणून ती दाराला टेकून उभी होती. लहानू तिच्या मागे. पहिल्या रांगेत शेखरभाऊंची बायको गोदावरी, रेशमी साडीत, आणि तिच्या आजूबाजूला आमच्या मराठी बायका. आई आली नव्हती.

शेखरभाऊ मीटिंगमध्ये हिंदीत बोलतात. "देखिए, मॅडम का प्रयोग अच्छा था, लेकिन फेल हो गया. भूसे से कहीं पानी साफ होता है?" लोक हसले. "और ये लहानू, इसको हटाना पड़ेगा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, कुछ कहना है?"

मी उठले. काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. पण समोर त्या बायका बसल्या होत्या. एकीनं पदर तोंडाला लावला होता, दुसरी बांगड्यांशी खेळत होती. एकजात सगळ्यांना कळलं होतं की मला कळलंय. त्यांच्यातल्या अर्ध्याजणींनी मला लहानपणी बुढापाऱ्यात भुलाबाईची खिरापत भरवलेली. मी म्हणाले, "लहानूची चूक नाही." एवढंच, आणि खाली बसले.

"तो किसकी है?" शेखरभाऊ म्हणाले.

"मायी आहे," दारातून आवाज आला.

आई होती. तिच्या कमरेवर घमेलं होतं, ओचा वर खोचलेला, हात कोपरापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत चिखलानं काळे. ती सरळ पुढे आली आणि ते घमेलं शेखरभाऊंच्या टेबलावर, माइकच्या शेजारी ठेवलं. सडकी केळीची पानं, आंबील, पुरण. बंद खोलीत एसीनं तो वास क्षणात सगळीकडे नेला. जन्मभर जी बाई महालक्ष्मीच्या उष्ट्यावर परकी सावली पडू देत नव्हती, तिनं ते सगळ्या कॉलनीपुढे मांडलं होतं.

"हे माया महालक्ष्मीचं उष्टं, कोणाले दाखवत नसते. मी पुरलं तिथं. पानं आडवी पडली, पाणी अडलं. लहानूनं मी मागितली म्हणून किल्ली देल्ली, बाकी त्याची काही चूक नाही. मायी पोरगी बरोबर आहे आन् वाफा बी बरोबर आहे."

खोलीत खसखस पिकली. मागून कुणीतरी नाक दाबून म्हणालं, "ये मराठी लोग भी ना." शेखरभाऊंनी खुर्ची मागे सरकवली. "काकू, हे इथून उचला आधी. काय तमाशा करून राहिल्या?"

"उचलतो ना. पयले तुमचं पाहून घ्या." आईनं घमेल्यात हात घालून एक पान वर काढलं. पानाच्या देठाला जरीची लाल दोरी बांधलेली होती. "हे कोनाच्या घरचं? आमच्यात कोणी पानाले दोरी बांधत नाही. ही तात्यापाऱ्याची रीत आहे."

सगळ्यांच्या माना गोदावरीकडे वळल्या. ती लाल झाली होती. शेखरभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग ती बसल्या जागेवरून म्हणाली, "हव. आमचंच आहे." आणि तिच्या बाजूची म्हणाली, "आमचं बी आहे." मग तिसरी.

"आम्ही वर्षातून एक डाव चुकलो," आई शेखरभाऊंना म्हणाली. "अन् तुम्ही? रोज दिवेलागणीले, एसी चालला पायजे म्हणून, साऱ्या कॉलनीचा गू त्या तळ्यात सोडत होते. ते चूक नोहोती. ते तर घड्याळ लावून होतं."

आता कुणी हसलं नाही. मला वाटलं, झालं, जिंकलो. मी आईकडे जाणार तेवढ्यात दारातून शारदा पुढे आली. तिनं शेखरभाऊंकडे पाहिलंही नाही. ती आईसमोर उभी राहिली.

"दाई, तुँहर देवी के जूठा ल कोनो झन देखय, कहिथव. त हमर नहाय के तरिया म काबर आइस?"

तुमच्या देवीचं उष्टं कुणी बघूही नये म्हणता, मग आम्ही आंघोळ करतो त्या तळ्यात ते का आलं? आवाज चढवला नव्हता तिनं. कॉलनीत माझ्या आईला कुणी असं विचारलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते आवडलं नाही, पण शारदा खरं बोलत होती.

"चुकलं," आई म्हणाली. घमेलं उचललं आणि बाहेर निघाली.

वाफा राहिला आणि लहानूही राहिला. शेखरभाऊंना त्या दिवशी टायमरचं नाव काढायची सोय उरली नव्हती, कारण त्यांच्या घरचं पान टेबलावर डाग ठेवून गेलं होतं. मासळीचं बी भरून द्यायचं आमच्या बायकांनी तिथल्या तिथे कबूल केलं. मी समाधानी व्हायला हवं होतं. नव्हते. जे पाणी पाऱ्यातल्या लोकांच्या अंगावरून गेलं, ते काही परत येत नाही, आणि शेखरभाऊ खोलीतून जाताना एसीचा रिमोट मात्र आठवणीनं उचलून घेऊन गेले.

मी घरी पोचले तर आमच्या पार्किंगमधून ठणठण आवाज येत होता. आई पहार घेऊन फरशीचे ब्लॉक उखडत होती. लहानू ते उचलून भिंतीशी रचत होता. माझी गाडी बाहेर रस्त्यावर ढकललेली.

"आई, हे काय चाललंय?"

"खड्डा करून राहिली," ती धापा टाकत म्हणाली. "आपलं उष्टं आपल्या दारात. देवीले माती पायजे, तुया गाडीले नाही."

फरशीखाली रेती निघाली, रेतीखाली मुरूम, आणि मग काळी माती. बऱ्याच वर्षांत कुणी न पाहिलेली. आईनं घमेलं त्यात रिकामं केलं. मी पहार तिच्या हातातून घेतली आणि खड्डा आणखी खोल केला. रागानं काम चांगलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आवाज ऐकून शेखरभाऊ धावत आले. कॉमन प्रॉपर्टीचं नुकसान, नोटीस, दंड, सगळं एका दमात बोलले. आईनं त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं.

"नोटीस द्या ना," ती म्हणाली. "पण पयले घरी जाऊन गोदावरीले विचारा. पुढच्या वर्षी तिचा खड्डा कुठं करायचा? मायी जागा तर भरली."

ते काहीतरी पुटपुटत गेले. नोटीस दुसऱ्या दिवशी येईल म्हणून मी सकाळी लवकर उठून उत्तर जुळवत बसले होते. नोटीस आली नाही. दूध घ्यायला खाली उतरले तर शेखरभाऊंची गाडी रस्त्यावर उभी होती.